प्रतिबंधात्मक राजनयाचे यश कसे मोजावे? : मॅसिडोनियाच्या उदाहरणाची चिकित्सा

प्रास्ताविक :

आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाच्या अध्यापनात प्रतिबंधात्मक राजनय ही संकल्पना बहुधा एका व्याख्येने सुरू होते आणि एका उदाहरणाने संपते. व्याख्या असते ती संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन महासचिव बुत्रोस घाली यांच्या जून १९९२ च्या अहवालातील. वाद निर्माण होऊ न देणे, झालेला वाद संघर्षात रूपांतरित होऊ न देणे आणि संघर्ष उद्भवलाच तर त्याचा विस्तार रोखणे, हा तिचा आशय. उदाहरण असते मॅसिडोनियाचे. प्रस्तुत लेखात या उदाहरणाचीच चिकित्सा केली आहे. कारण ते जितके निर्विवाद मानले जाते तितके ते आहे, असे वाटत नाही.

वास्तविक ही संज्ञा घाली यांच्या तीन दशके आधीची आहे. डाग हॅमरशोल्ड यांनी १९६० च्या सुमारास ती वापरली, तेव्हा तिचा रोख वेगळा होता. स्थानिक संघर्षांत महासत्तांचे गट उतरू नयेत, एवढीच त्यामागील मर्यादित अपेक्षा होती. शीतयुद्धानंतर तिच्यावर फार मोठा भार टाकण्यात आला.

मॅसिडोनियातील प्रयोग :

युगोस्लाव्हियाच्या विघटनातून १९९१ मध्ये स्वतंत्र झालेल्या या सुमारे वीस लाख वस्तीच्या देशाचे अध्यक्ष किरो ग्लिगोरोव्ह यांनी नोव्हेंबर १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे निरीक्षक पाठविण्याची विनंती केली. ११ डिसेंबर १९९२ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ७९५ संमत केला आणि संघर्ष पेटण्यापूर्वीच शांतिसैनिक तैनात करण्याचा पहिला प्रयोग सुरू झाला. (ज्या संरक्षण दलाचा विस्तार म्हणून ही तुकडी निघाली, त्याचे सेनापती त्या वेळी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार होते, ही बाब आपल्याकडे क्वचितच नोंदविली जाते.) सुमारे एक हजार सैनिक, त्यांत नॉर्डिक देशांची एक बटालियन आणि १९९३ पासून अमेरिकेची तुकडी, असे हे लहानसे दल होते. सर्बिया व अल्बेनिया यांच्या सीमांवर गस्त घालणे आणि स्थैर्याला बाधा आणणाऱ्या घडामोडी कळविणे, हे त्याचे काम. १९९५ मध्ये त्याला स्वतंत्र दलाचा दर्जा मिळाला. फेब्रुवारी १९९९ पर्यंत ते तेथे होते आणि त्या काळात मॅसिडोनियात युद्ध झाले नाही.

येथेच पहिली अडचण येते. युद्ध झाले नाही, हे दलामुळे की मुळात ते होणारच नव्हते म्हणून? बोस्नियात गुंतलेल्या बेलग्रेडला दक्षिणेकडे नवी आघाडी परवडणारी होती काय, हा प्रश्न गौरवपर लेखनात फारसा विचारला जात नाही. शिवाय युगोस्लाव्ह सैन्य मॅसिडोनियातून बाहेर पडले ते मार्च १९९२ मध्ये, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा पहिला सैनिक तेथे पोहोचण्याच्या कितीतरी महिने आधी. ही माघार ग्लिगोरोव्ह यांनी वाटाघाटींतून घडवून आणली आणि त्या मोबदल्यात शस्त्रसामग्री सैन्याला घेऊन जाऊ दिली. निःशस्त्र झालेल्या राष्ट्राने पत्करलेला हा सौदा माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत परिणामकारक प्रतिबंधात्मक कृती होय. मात्र त्याचे श्रेय निळ्या शिरस्त्राणांच्या खाती जमा झाले आहे.

याचा अर्थ दल निरुपयोगी होते, असा नव्हे. आखणी न झालेल्या सीमेवर दोन्ही बाजूंच्या गस्ती पथकांमध्ये तिसऱ्याची उपस्थिती ही मोलाचीच गोष्ट होती. तिचे मोल रवांडाशी तुलना केली असता अधिक स्पष्ट होते. तेथील सेनापती रोमियो डॅलेअर यांनी ११ जानेवारी १९९४ रोजी शस्त्रसाठ्यांविषयी मुख्यालयाला कळविले होते. परंतु ते जप्त करण्याची परवानगी मिळाली नाही. एप्रिलमध्ये नरसंहार सुरू झाल्यावर सुरक्षा परिषदेने दल वाढविण्याऐवजी ते २७० पर्यंत घटविण्याचा निर्णय घेतला. पूर्वसूचना होती, अभाव होता तो राजकीय इच्छाशक्तीचा.

ही इच्छाशक्ती किती ठिसूळ असते, याचा प्रत्यय मॅसिडोनियातही आला. जानेवारी १९९९ मध्ये त्या देशाने तैवानला मान्यता दिली. २५ फेब्रुवारी रोजी दलाच्या मुदतवाढीचा प्रस्ताव सुरक्षा परिषदेत आला, तेव्हा तेरा सदस्यांनी अनुकूल मत दिले, रशिया तटस्थ राहिला आणि चीनने नकाराधिकार वापरला. परिस्थिती स्थिर झाली आहे, असे अधिकृत कारण देण्यात आले. महिनाभरातच, २४ मार्चला, कोसोव्हो प्रश्नावरून नाटोचे हवाई हल्ले सुरू झाले आणि तीन लाखांहून अधिक निर्वासित मॅसिडोनियात आले.

तथापि नकाराधिकारावर सर्व दोष ढकलून मोकळे होता येत नाही. २००१ मध्ये जो सशस्त्र संघर्ष उद्भवला, तो राज्य आणि देशांतर्गत अल्बेनियन बंडखोर यांच्यातील होता. त्याची मुळे १९९१ च्या संविधानातील राष्ट्रकल्पनेत, प्रशासनातील अल्प प्रतिनिधित्वात आणि उच्च शिक्षणाच्या भाषेत होती. दलाच्या कार्यकक्षेत महासचिवांच्या प्रतिनिधीची मध्यस्थी समाविष्ट होती, हे मान्य. पण दलाची रचना प्रामुख्याने सीमेकडे पाहणारी होती. १९९३ पासून युरोपीय सुरक्षा व सहकार्य संघटनेचे अल्पसंख्याक उच्चायुक्त मॅक्स व्हान डेर स्टूल हे मात्र नेमक्या याच अंतर्गत प्रश्नांवर सरकारशी सातत्याने, आणि बहुतांशी प्रसिद्धीविना, बोलत होते. प्रतिबंधात्मक राजनयाचे उदाहरण म्हणून आपण वर्गात सैनिकांची तैनाती सांगतो आणि हे संथ काम वगळतो, ही अध्यापनातील गंभीर उणीव आहे.

ऑगस्ट २००१ च्या ओह्रिद कराराने जे दिले, त्यातील बराचसा भाग वाटाघाटींच्या मेजावर दशकभर पडून होता. वीस टक्क्यांहून अधिक लोकांची भाषा अधिकृत मानण्याची तरतूद संघर्षानंतर झाली. तेतोवो येथे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या अल्बेनियन भाषिक विद्यापीठाला सरकारने बेकायदेशीर ठरविले होते, १९९५ च्या प्रारंभी तेथे पोलिसी कारवाईत जीवितहानीही झाली. त्या विद्यापीठाला राज्याची मान्यता मिळाली ती २००४ मध्ये.