पाठांतराला न जुमानणारा खेळ

‘रोग’ (अर्थ लुच्चा, आजार नव्हे) हा संगणकावरचा खेळ मायकेल टॉय व ग्लेन विचमन यांनी १९८० च्या सुमारास रचला. पडद्यावर चित्रे नाहीत, केवळ चिन्हे. २६ प्रकारचे राक्षस म्हणजे इंग्रजीची २६ अक्षरे. दर डावात भुयार नवे, औषधांचे रंगही बदललेले. मागच्या डावात जखम भरून काढणारे निळे औषध या डावात आंधळे करू शकते. म्हणून पाठांतर निरुपयोगी. निरीक्षणावरूनच अनुमान बांधावे लागते. हा गुण आम्हांला मोलाचा वाटतो.

उणीव अशी, की सर्वस्व गमावल्यावरही नवा डाव फुकट मिळतो. जळगाव-धुळ्याकडे कोरडवाहू कापूस पिकवणाऱ्याचा डावही दर पावसाळ्यात नवा असतो. हरल्यास कर्ज मात्र जुनेच उरते. वर्गात हा खेळ दाखवताना शिक्षकांनी एवढा फरक जरूर सांगावा.