कावसजीचं नाक आणि भुजंगनाथाची हौस

सांगलीहून साताऱ्याला परत येताना एसटीत शेजारी बसलेल्या बाईंनी इस्लामपूर यायच्या आत तीनदा विचारलं, "नाकाला काय झालं हो?" तिन्ही वेळा मी एकच उत्तर दिलं. "मस होता. डॉक्टर म्हणाले, काढून टाका."

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, "धोका काही नाही. ठेवलात तरी चालेल. तुम्हाला नको असेल तर काढू." मला नको होता. उजव्या नाकपुडीच्या कडेला हरभऱ्याच्या डाळीएवढा मस घेऊन मी सेहेचाळीस वर्षं काढली. त्यातली वीस वर्षं वर्गात मराठी शिकवत. साताऱ्यात कुणाला कळू नये म्हणून सांगलीत विश्रामबागला बहिणीकडे गेले. वीस मिनिटांचं काम. तोंडावर भोक पाडलेलं हिरवं कापड, नाकाच्या बुडाशी भुलेची सुई (डोळ्यांतून घळाघळा पाणी, रडू नव्हे), मग दुखणं नाही, फक्त कात्रीचा आवाज, आणि तो बाहेरून नव्हे तर हाडातून ऐकू येतो. चार टाके. पाचव्या दिवशी काढायचे. तोवर पाणी लावायचं नाही, पालथं झोपायचं नाही.

बहिणीच्या सासूबाई एवढंच म्हणाल्या, "देवानं दिलेलं कशाला काढायचं गं?" त्यावर बहीण घाईघाईनं म्हणाली, "आई, तो वाढत होता." तोही वाढत नव्हता. म्हणजे खोटं बोलणारी मी एकटी नव्हते.

त्या पाच दिवसांत मी एक जुना मजकूर पुन्हा वाचला. लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर 1794च्या अंकात आलेलं, खाली नुसतं 'बी. एल.' असं लिहिलेलं पत्र. प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात त्याचा उल्लेख नेहमी येतो, पण मजकूर म्हणून ते फारसं कुणी वाचत नाही. कावसजी नावाचा मराठा शेतकरी (नाव पारशी वाटतं, पत्र त्याला मराठा म्हणतं, आणि हा पेच पत्राला पडतच नाही) 1792च्या लढाईत इंग्रज फौजेबरोबर बैल हाकत होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडलं, नाक कापलं आणि एक हात तोडला. वर्षभराहून जास्त काळ तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीच्या एका माणसानं त्याला नवं नाक बसवलं. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्याच्या दोघा डॉक्टरांनी ते पाहिलं.

पुढचं वर्णन फार चांगलं आहे. चांगलं म्हणजे लिखाण म्हणून. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून नाकाचा आकार घ्यायचा. तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ मारायची. मेणाचं काम संपलं. रेघेवरून कातडी सोडवायची, पण दोन भुवयांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी तशीच ठेवायची, कारण रक्त त्या वाटेनं येतं. खुंटावरचा जुना वण खरवडायचा, कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि कडा चिरेत बसवायच्या. वरून पाण्यात मऊ केलेला कात लावलेल्या कापडाच्या पाचसहा पट्ट्या. होय, विड्याचा कात. चार दिवस दुसरं काही नाही. मग तुपात बुडवलेली कापडं. पाचसहा दिवस उताणं झोपायचं. दहाव्या दिवसापासून नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधली पट्टी कापायची.

यात एकही विशेषण वाया गेलेलं नाही. आपल्याकडच्या पाककृतींच्या जुन्या वह्यांत अशी भाषा सापडते. सुश्रुतसंहितेतही नाक बसवण्याची कृती आहे, पण तिथं माप पानानं घेतात आणि कातडी गालाची. इथं माप मेणाचं आणि कातडी कपाळाची. कुंभारानं ग्रंथ वाचला होता की नाही, हा वाद पंडितांनी घालावा. मला महत्त्वाची वाटते ती पट्टी. कातडी तोडून चिकटवली तर मरते, जुन्या जागेशी धागा ठेवला तर जगते, आणि तो धागा कधी तोडायचा याचा दिवस ठरलेला आहे. पाहूनपाहून, चुकूनचुकून कमावलेली ही अक्कल आहे. तिचा मालक मात्र पत्रात बिननावाचा. पाहणाऱ्या दोघांची नावं छापली, करणाऱ्याची जात छापली. पुढे लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जननं 1814 साली याच पद्धतीनं पहिलं नाक बसवलं आणि 1816 साली त्यावर पुस्तक काढलं. तिथून ही पद्धत युरोपभर गेली, 'भारतीय पद्धत' या नावानं. म्हणजे देशाला नाव मिळालं, कुंभाराला नाही.

ही तक्रार नवी नाही, ती अनेकांनी केली आहे. माझी तक्रार वेगळी आहे. या पत्रात जखम बरी होते, माणूस बरा होताना दिसत नाही. बोळे, तूप, पंचवीस दिवस, सगळं आहे. पण पट्टी सुटल्यावर कावसजीनं आरशात, निदान पाण्यात, पाहिलं का? घरच्यांनी काय म्हटलं? त्याच्या तोंडचा एक शब्द पत्रात नाही. नाकाबरोबर तुटलेला हात पहिल्याच वाक्यांत येतो आणि नंतर कायमचा गायब होतो. कारण हाताला कुंभाराकडे उपाय नव्हता, म्हणून पत्रालाही त्यात रस नाही. पेन्शनीचा उल्लेख तेवढा आहे. कावसजी आता कंपनी सरकारचा पेन्शनर आहे.

पत्राबरोबरचं चित्रही तसंच. शस्त्रक्रियेला दहा महिने झाल्यावर, जानेवारी 1794मध्ये काढलेल्या चित्रावरून ते कोरलं होतं. मूळ चित्र जेम्स वेल्सचं. त्याच सुमारास पुण्यात बसून सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रं काढणारा तोच हा वेल्स. आमच्या वाईजवळच्या मेणवलीला नानांचा वाडा बघायला लोक येतात, आणि नानांचा चेहरा आपल्याला ठाऊक आहे तो बराचसा वेल्समुळे. नानांच्या चित्रात चेहरा माणसाचा आहे. लांबट, सावध, थकलेला. कावसजीच्या चित्रात चेहरा नाकाचा आहे. डोक्याला पागोटं, कपाळावर जिथून कातडी काढली तिथला वण, आणि खाली नाकाच्या सुट्या आकृत्या. एकाच हातानं दोन माणसं काढली, पण त्यातल्या एकालाच पाहिलं.

आता खरी गोष्ट. कावसजीला नाक कशाला हवं होतं? श्वास नाकाविनाही चालतो. वर्षभर चालला होता, तो जेवत होता, फिरत होता. निव्वळ वैद्यकीय हिशेबानं ही शस्त्रक्रिया दिसण्यासाठीच होती. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या शस्त्रक्रियांपैकी एक सौंदर्यासाठी होती, असं म्हटलं की आपण दचकतो, कारण कावसजीला 'हौस' हा शब्द लावायला जीभ धजत नाही. त्याचं नाक शत्रूनं कापलं होतं. त्या लढाईत मराठी फौजेबरोबर तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन होते. तेव्हा आमच्या सांगलीकडच्या किती घरांतली माणसं त्या मोहिमेत गेली असतील. मराठीत 'नाक कापलं' म्हणजे इज्जत गेली, 'नाक राहिलं' म्हणजे इज्जत राहिली. कावसजीनं नाक बसवून घेतलं ते इज्जतीसाठी, आणि इज्जतीच्या कामाला आपल्याकडे परवानगी लागत नाही. तीही पुरुषाच्या. पंचवटीत जिचं नाक कापलं त्या शूर्पणखेला पुन्हा नाक बसवून द्यावं असं कुठल्या कीर्तनकाराच्या मनात आलं नाही. तिथं हशाच पिकतो.

हौसेला काय मिळतं ते पाहायचं तर सांगलीच्याच मातीतलं नाटक आहे. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा', 1899चं. पंचाहत्तरीचा भुजंगनाथ कोवळ्या शारदेशी लग्न करायला निघतो. शारदेच्या मैत्रिणीच्या तोंडचं, म्हाताऱ्याच्या वयाचं ते प्रसिद्ध पद म्हणजे एका चेहऱ्याची यादी आहे. दात, कान, डोळे, मान, केस, एकेक करून सगळं निकामी. देवलांचं लक्ष्य बरोबर होतं. पैशाच्या जोरावर मुलगी विकत घेणारा तो थेरडा हसण्याच्याच लायकीचा. पण शंभरावर वर्षं आपण ते पद ऐकतो आहोत, आणि त्यातलं जरठविवाहाचं पाप मागे पडून फक्त म्हाताऱ्या तोंडाची थट्टा उरली आहे, असं मला अलीकडे वाटू लागलं आहे. स्नेहसंमेलनात ते पद झालं की पोरं हसतात ती कवळीला. विकल्या गेलेल्या मुलीचा राग कुणाच्या तोंडावर दिसत नाही. भुजंगनाथाचा गुन्हा शारदेला घेणं हा होता. आपण त्याला शिक्षा देतो ती तरुण दिसावंसं वाटल्याबद्दल. हा दोष नाटकाचा किती आणि ऐकणाऱ्यांचा किती, हे मला ठरवता येत नाही. थोडा देवलांचाही असावा. शारदेचं दुःख त्यांनी मनापासून लिहिलं, पण टाळ्या त्या यादीला मिळतात हे त्यांच्यासारख्या कसलेल्या नाटककाराला कळत नसेल असं नाही.

म्हणून माझ्यासारखीला दोनच भूमिका उरतात. कावसजी, म्हणजे मला कुणीतरी जखम केली होती असं दाखवायचं. किंवा भुजंगनाथ. 'डॉक्टरांनी सांगितलं' हे वाक्य कावसजीच्या रांगेत उभं राहण्याची खटपट आहे. सातवीत एका मुलानं माझ्या मसाला नाव ठेवलं होतं, ते दहावीपर्यंत चाललं. ती जखम म्हणून चालेल का? चालणार नाही. तिचा वण दिसत नाही आणि ती करणाऱ्याला टिपू म्हणता येत नाही.

पाचव्या दिवशी टाके निघाले. काढलेला तुकडा तपासायला पाठवला होता, त्याचा कागद आला. निरुपद्रवी. बहीण म्हणाली, "ताई, सुटलीस गं." मला मात्र क्षणभर, खरं सांगते, वाईट वाटलं. कागदात काही निघालं असतं तर लोकांना सांगायला बरं पडलं असतं. हा विचार किती ओंगळ आहे हे तो येता येताच कळलं.

इस्लामपूरच्या स्टँडवर गाडी थांबली. माणसं चहाला उतरली. शेजारच्या बाई उतरल्या नाहीत. सांगलीपासून त्यांनी पदर हनुवटीवर धरला होता, मला वाटलं धुळीमुळे. त्यांनी खिडकीबाहेर एकदा पाहिलं, पदर बाजूला केला. हनुवटीच्या डाव्या बाजूला माझ्यापेक्षा मोठा मस होता, त्यावर दोन केस.

"डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं," मी म्हणाले. "मलाच नको होता."

"ते कळलं मला," त्या म्हणाल्या. "किती घेतात?"

मी आकडा सांगितला. त्यांनी तो मनाशी दोनदा म्हटला आणि दवाखाना कुठल्या रस्त्याला आहे ते विचारलं.