हॅझलिट आणि कॅव्हनाची भिंत

मंडळी, आज एकाच निबंधाबद्दल बोलू. विल्यम हॅझलिटचा ‘द इंडियन जगलर्स’, 1821 च्या ‘टेबल टॉक’मधला. सुरुवातीला पांढऱ्या वेषातला, पागोटे बांधलेला एक भारतीय कसरतपटू जमिनीवर बसून पितळी चेंडू हवेत खेळवतो; आधी दोन, मग चार. ते पाहून हॅझलिटला स्वतःची लाज वाटते. इतके बिनचूक आपल्याला काय येते?

इथून तो सिद्धान्ताकडे वळतो. कौशल्य वेगळे, थोरवी वेगळी. बुद्धिबळाचा मोठा खेळाडू थोर पुरुष नव्हे, कारण तो जग होते तसेच सोडून जातो. जी कृती स्वतःतच संपते, तिच्यात थोरवी नाही. आता बघा, हे आम्हाला पटत नाही. ॲरिस्टॉटलने घडवणे आणि करणे यांत भेद केला. घडवण्याचे साध्य बाहेर असते, उदाहरणार्थ घर. करण्याचे साध्य करण्यातच असते. आणि सदाचरण त्याने या दुसऱ्या बाजूला ठेवले. मग स्वतःत संपणे हे उणे कसे?

गंमत पुढेच आहे. शेवटी हॅझलिट जॉन कॅव्हनाचा मृत्युलेख जोडतो. तो 1819 मध्ये ‘एक्झामिनर’ साप्ताहिकात आला होता. कॅव्हना आयरिश, धंद्याने रंगारी. फाइव्ह्जमध्ये, म्हणजे हाताने चेंडू भिंतीवर मारायच्या खेळात, त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. लंडनच्या कोपनहेगन हाउसमध्ये खेळायची भिंत आणि स्वयंपाकघराच्या धुराड्याची भिंत एकच. ती नेहमीपेक्षा जोरात दणाणली की आतले आचारी ओळखायचे, हा त्या आयरिशाचा चेंडू! सळईवरचे मांससुद्धा थरथरे. त्याचे फटके वर्ड्‌स्वर्थच्या महाकाव्यासारखे बोजड नव्हते, कोलरिजच्या गद्यासारखे डळमळतही नव्हते, असेही हॅझलिट सांगतो. म्हणजे ज्यांनी मागे ग्रंथ ठेवले, त्यांना मोजायला रंगाऱ्याचा हात! सिद्धान्त लेखकानेच पाडला. तो स्वतः फाइव्ह्ज खेळायचा, त्याला हे आतून ठाऊक होते.

तरी एक सल राहतेच. कॅव्हनाला नाव मिळाले, धंदा मिळाला, आजार आणि मरणही मिळाले. चार चेंडू खेळवणाऱ्या त्या माणसाला निबंधात नावच नाही. तो उदाहरणापुरता येतो आणि जातो. ओळखीच्या माणसाचा शोक होतो, हे आम्हालाही कळते. पण थोरवीचा निवाडा देण्याआधी समोर बसलेल्याचे नाव तरी विचारायचे होते.