सुकुमार राय : व्यवसाय अनेक, दृष्टी एक

बालवाङ्मयाच्या बाबतीत आपल्याकडे एक सोयीची वाटणी रूढ झालेली आहे. मजकूर लेखकाने लिहावा, चित्रे चित्रकाराने काढावीत, छपाई मुद्रकाने पाहावी आणि निवड शिक्षकाने करावी. या वाटणीने पुस्तके निघतात हे खरे. परंतु तिच्यामुळे बालवाङ्मयाची टीका मात्र लंगडी राहिली आहे. कवितेचे परीक्षण करताना आपण चित्र बाजूस ठेवतो, आणि चित्राविषयी बोलायचे झाल्यास 'मजकुरास शोभा आली' एवढ्यावर थांबतो. बंगालीतील सुकुमार राय (१८८७–१९२३) यांना या रीतीने वाचू गेल्यास हाती फार थोडे लागते. म्हणून त्यांच्या बहुविध कार्याचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान व रसायन हे विषय घेऊन सुकुमार पदवीधर झाले. १९११ साली शिष्यवृत्ती मिळवून ते विलायतेस गेले, ते छायाचित्रण आणि मुद्रण शिकण्यासाठी. लंडन व मँचेस्टर येथे त्यांनी हा अभ्यास केला. वडील उपेंद्रकिशोर रायचौधुरी हे स्वतः मुलांचे लेखक व चित्रकार होते, शिवाय हाफटोन ठशांच्या तंत्रात स्वतंत्र संशोधन केलेले मुद्रक होते. १९१३ साली त्यांनी 'संदेश' हे मुलांचे मासिक काढले. बंगालीत संदेश म्हणजे वार्ता आणि संदेश म्हणजे मिठाईही. मासिकाच्या नावातच त्याचे धोरण आले. १९१५ च्या डिसेंबरात उपेंद्रकिशोर निवर्तले, आणि मासिकाचे संपादन व छापखान्याचा व्याप सुकुमारांवर आला. पुढील सुमारे आठ वर्षांत त्यांनी 'संदेश'साठी कविता, कथा, नाटुकली, कोडी, चरित्रे आणि विज्ञानविषयक लेख लिहिले आणि चित्रे काढली. ब्राह्मो समाजातील तरुणांचे ते पुढारी होते. मित्रांच्या 'मंडे क्लब'चा तर ते प्राणच होते. १९२१ साली त्यांना काळ्या आजाराने गाठले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी 'आबोल ताबोल' या आपल्या कवितासंग्रहाची मांडणी केली. १० सप्टेंबर १९२३ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९ सप्टेंबरला संग्रह बाहेर पडला. वयाची छत्तीस वर्षेही पुरी झालेली नव्हती.

असे चरित्र वाचून कोणीही म्हणेल की, या माणसाची शक्ती फार वाटांनी विखुरली. छापखाना आणि मासिक यांचा जाच नसता तर तो अधिक मोठा कवी झाला असता. हे मत सहानुभूतीचे असले तरी आम्हांस ते मान्य नाही. सुकुमारांची कविता त्यांच्या इतर व्यवसायांतून वेळ काढून लिहिलेली नसून त्या व्यवसायांतच ती घडली, असे आमचे म्हणणे आहे.

'आबोल ताबोल'मधील 'खिचुडी' ही कविता घ्यावी. खिचुडी म्हणजे आपली खिचडी. तीत प्राण्यांची खिचडी झाली आहे. हाँस (बदक) आणि सजारू (साळिंदर) मिळून 'हाँसजारू' होतो. बक आणि कच्छप मिळून 'बकच्छप'. हाती आणि तिमी, म्हणजे देवमासा, मिळून 'हातिमी'. व्याकरण धाब्यावर बसविल्याचा आव कवी आणतो. प्रत्यक्षात तो एक कडक नियम पाळतो. पहिल्या शब्दाचे शेवटचे अक्षर आणि दुसऱ्याचे पहिले अक्षर ज्या जोडीत सारखे, तीच जोडी जुळते. 'स', 'क', 'ति' ही अक्षरे दोन्ही प्राण्यांच्या मालकीची आहेत. शब्दाचा सांधा तेथे बसतो. आता शेजारचे चित्र पाहावे. तेथेही दोन शरीरे अशी जुळविली आहेत की, एक प्राणी कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला हे बोट ठेवून सांगता येऊ नये. शब्दात जी क्रिया झाली तीच रेषेत झाली. हे चित्र कवितेवर काढलेले नाही. कविता आणि चित्र एकाच कल्पनेची दोन अंगे आहेत.

याची कसोटी भाषांतरात लागते. 'हाँसजारू' मराठीत आणावयाचा तर बदक आणि साळिंदर यांच्यात सांध्याच्या जागी सामाईक अक्षर नाही. सांधा बसत नाही. उलट बदक आणि कासव घेतले तर 'बदकासव' हा नामी प्राणी मराठीत आपोआप जन्मतो. पण मग सुकुमारांचे चित्र निरुपयोगी होते, कारण त्यांच्या चित्रात कासवाशी जडलेला आहे तो बगळा. चित्र राखले तर शब्द मोडतो, शब्द घडविला तर चित्र पुन्हा काढावे लागते. केवळ मजकुराचे भाषांतर करून चित्रे गाळणाऱ्याने अर्धीच कविता आणली असे म्हणावे लागेल.

विज्ञानाच्या शिक्षणाचेही तसेच. 'खुडोर कल' या कवितेतील काकांचे यंत्र खांद्यावर बसवायचे असते. त्याच्या पुढे आलेल्या टोकाला आवडीचे खाद्य टांगलेले, आणि ते गाठण्यासाठी माणूस कोसच्या कोस चालत राहतो. मूळ कल्पना वेडगळ, पण चित्रातील यंत्र पाहून कोणत्याही चौकस मुलाला ते करून पाहावेसे वाटेल. 'ह-य-ब-र-ल' या कथेत रुमालाचे मांजर होते आणि हिशेबनीस कावळा पाटीवर गणिते मांडतो; तेथे वय चाळिशीपर्यंत वाढवून पुढे उलटे मोजण्याचीही सोय आहे. 'हेशोराम हुशियार'च्या रोजनिशीत संशोधकांच्या प्रवासवर्णनांची नक्कल असून नव्या प्राण्यांना लॅटिन थाटाची नावे दिलेली आहेत. सर्वत्र रीत एकच दिसते : एक अशक्य गोष्ट गृहीत धरावयाची आणि पुढचे सर्व अनुमान काटेकोरपणे करावयाचे. ही प्रयोगशाळेची शिस्त आहे. बाष्कळपणा आणि सुकुमारांचे असंबद्ध काव्य यांतील अंतर या शिस्तीचे आहे. त्यांचे अनुकरण करणारे पुष्कळदा फसतात ते येथेच. त्यांना वाटते की ताळतंत्र सोडले म्हणजे झाले.

दोषही सांगितले पाहिजेत. चित्रकलेचे रीतसर शिक्षण सुकुमारांनी घेतलेले नव्हते, आणि त्यांच्या काही मनुष्याकृती ताठर वाटतात. ब्राह्मो समाजाचा इतिहास त्यांनी मुलांसाठी पद्यात सांगितला, त्यात कर्तव्यबुद्धी अधिक आणि उल्लास कमी आहे. काही कवितांतील रोख तत्कालीन कचेऱ्यांतील बाबूलोकांवर असून आजच्या मुलाला तो समजावून द्यावा लागतो. तथापि 'गोंफचुरी'तील बडेबाबू आपल्या मिशा चोरीस गेल्या म्हणून थैमान घालतात, तेव्हा कचेरी न पाहिलेले मूलही हसते. कारण उपहास कळण्यापूर्वी चित्र कळते.

मराठीत वासुदेव गोविंद आपटे यांनी 'आनंद' मासिक १९०६ साली, म्हणजे 'संदेश'च्या सात वर्षे आधी सुरू केले. तेव्हा आरंभ उशिरा झाला अशी सबब आम्हांस सांगता येत नाही. पुढे विंदा करंदीकरांसारखा मोठा कवी मुलांसाठी मोकळेपणाने लिहिता झाला, हेही आमचे भाग्य. परंतु बंगाली रसिक सुकुमारांना वाङ्मयाच्या मुख्य दालनात बसवितो, आणि आमच्या वाङ्मयेतिहासांत बालवाङ्मय बहुधा अखेरच्या प्रकरणात उरकले जाते. वर्गात तर असंबद्ध कवितेखालीही 'या कवितेतून काय बोध मिळतो?' हा प्रश्न हटकून येतो. तो विचारताच कविता संपते. त्याऐवजी 'हे दोन प्राणी कोठे जोडले आहेत?' असे विचारून मुलांना शब्दात आणि चित्रात सांधा शोधावयास लावावा. पुढे त्यांनी आपल्या भाषेतील जोड्या करून त्यांची चित्रे काढावीत.

अकादमीच्या सभासदांकडेही आमचे एक मागणे आहे. मुलांच्या पुस्तकाचा अभिप्राय लिहिताना चित्रे व छपाई यांचा विचार शेवटच्या ओळीत न ढकलता मजकुराबरोबरच करावा, आणि जुन्या पुस्तकांची पुनर्मुद्रणे काढताना मूळची चित्रे काढून टाकू नयेत. सुकुमार रायांनी मृत्युशय्येवरही पुस्तकाच्या मांडणीचे काम दुसऱ्यावर सोपविले नाही. कवितेइतकेच तेही आपले काम आहे, असे त्यांनी मानले होते.