'कलर्स' : भक्तीचा खरबरीत आवाज
रात्रपाळी करून घाटकोपरला आलो आणि शिकागोच्या रिझरेक्शन बँडचा 'कलर्स' (१९८०) ऐकला. ख्रिस्ती रॉक. गाणी देवाची, पण गिटार करवतीसारखी. ग्लेन आणि वेंडी कायझर, नवराबायको, घसा फोडून गातात. ही मंडळी गरीब वस्तीत राहिली, कमाई एकत्र ठेवली; म्हणून आवाजात खोटा गोडवा नाही. १९७९च्या अल्बमात तर त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदावर गाणं केलं.

शेवटी त्यांचं उत्तर येशूच. मला ते पटत नाही. पण दोस्तांनो, आपलं काय? ११ जुलै १९९७ला रमाबाईनगरात पोलिसांच्या गोळीबारात १० माणसं गेली. त्या दुःखात मुलुंडच्या शाहीर विलास घोगरेंनी जीव दिला. आपल्या जयंतीच्या डीजेवर हे किती वाजतं? मोजा.