पाचवा पाठ आणि एकोणिसावा पाठ

बालभारतीच्या 2018 साली आलेल्या इयत्ता आठवीच्या ‘सामान्य विज्ञान’ या पुस्तकात ‘अणूचे अंतरंग’ हा पाचवा पाठ आहे आणि ‘ताऱ्यांची जीवनयात्रा’ हा एकोणिसावा. दोन्ही पाठ नेटके आहेत. ताऱ्यातील वायूचा दाब आणि गुरुत्वाकर्षण यांचा समतोल मुलांना समजेल अशा भाषेत मांडला आहे. तक्रार आहे ती दोन पाठांमधल्या अंतराविषयी.

पाचव्या पाठात अणुभट्टी येते. तेथे युरेनियमचे केंद्रक फुटून ऊर्जा मिळते. ताऱ्यात मात्र हायड्रोजनची केंद्रके जुळून ऊर्जा मिळते. फोडले तरी ऊर्जा आणि जोडले तरी ऊर्जा, हे कसे? चौकस विद्यार्थी हे विचारणारच.

उत्तरासाठी फळ्यावर तीन आकडे लिहावेत. केंद्रकातील दर कणामागे बंधन-ऊर्जा हेलिअममध्ये सुमारे 7.1, लोखंडात 8.8 आणि युरेनियममध्ये 7.6 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. लोखंडाच्या आसपास बांधणी सर्वांत घट्ट. त्या दिशेने जाताना ऊर्जा सुटते. तेथून पुढे जोडत जायचे तर ती पदरची घालावी लागते.

आता एकोणिसावा पाठ पुन्हा उघडावा. सूर्याच्या 8 पटींपेक्षा कमी, 8 ते 25 पट आणि त्याहून अधिक वस्तुमानाचे तारे, अशी तीन शेवटांची वर्गवारी तेथे आहे. मुले ती पाठ करतात. खरे तर या सीमा ढोबळ आहेत. महत्त्वाचे आहे ते कारण. मोठ्या ताऱ्याच्या गाभ्यात लोखंड साठले की चूल विझते. गाभा सेकंदाच्या आत कोसळतो, प्रोटॉन व इलेक्ट्रॉन मिळून न्यूट्रॉन होतात आणि न्यूट्रिनो बाहेर पडतात. 23 फेब्रुवारी 1987 रोजी अशाच एका सुपरनोव्हाचे न्यूट्रिनो जपानमधील कामिओका येथे नोंदले गेले, तेही प्रकाश दिसण्याच्या काही तास आधी.

म्हणून हे दोन पाठ लागोपाठ शिकवावेत. धर्माबादच्या वर्गात खुरपे दाखवून सुरुवात करता येईल. त्यातले लोखंड ताऱ्यांच्या स्फोटांतच घडले आहे. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये मंजुरी दिली. न्यूट्रॉन तारे आणि कृष्णविवरे यांच्या टकरींतून उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी तेथे टिपायच्या आहेत. आपल्या मुलांनी त्या वेधशाळेकडे केवळ सहलीसाठी जाऊ नये, असे वाटत असेल तर हा दुवा शिक्षकानेच जोडायला हवा.