वाटेत भेटलेले सोंग

संस्था मोठी झाली हे सांगावयाचे असले म्हणजे आपण तिच्या नव्या इमारतीकडे बोट दाखवितो. सभामंडप वाढविला, अग्रशाळेवर मजला चढविला, आवाराला नवी कमान उभारली, एवढे सांगितले की ऐकणाऱ्याची खात्री पटते. त्या वाढलेल्या आवारात येणाऱ्या माणसाला भेटते कोण, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही, कारण त्याचे उत्तर छायाचित्रात उतरत नाही. 2024 च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथील डिस्नेलँड पाहण्याचा योग आला, तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात घोळत आहे. त्या उद्यानातील पाळण्यांचा व गाड्यांचा मी अधिकारी पुरुष नव्हे. मी त्याच्याकडे एक अवाढव्य, दिवसभर चालणारा नाट्यप्रयोग म्हणून पाहिले, आणि हे टिपण त्याच दृष्टीने लिहिले आहे.

माझी धाकटी बहीण तिकडे असते. तिचा नऊ वर्षांचा मुलगा हाच आमचा वाटाड्या होता. ‘गॅलेक्सीज एज’ नावाचा जो 14 एकरांचा विभाग तेथे 31 मे 2019 रोजी उघडला, त्यात आम्ही उभे होतो. ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटमालेच्या आधाराने रचलेले हे परग्रहावरील एक व्यापारी गाव आहे. भिंतींचा रंग उडालेला, घुमटांवर काजळी धरलेली, गल्ल्या वाकड्यातिकड्या. जीर्णपणा निर्माण करण्यासाठी एवढे श्रम घेतलेले मी दुसरीकडे पाहिले नाहीत. गाडीत बसण्याच्या रांगेत तासभर उभे राहून आम्ही नुकतेच बाहेर आलो होतो. तोच पांढऱ्या चिलखतातील दोन शिपाई गल्लीच्या तोंडाशी दिसले. ते सरळ भाच्यापुढे येऊन थांबले. एकाने त्याला ओळखपत्र मागितले. पोराने गांगरून माझ्याकडे बोट केले. शिपायाने मला नखशिखांत न्याहाळले, यांच्यावर लक्ष ठेवा असे सोबत्याला बजावले, आणि दोघेही चालते झाले. सगळा प्रकार अर्ध्या मिनिटाचा. परंतु रात्री आईला दिवसाचा वृत्तांत सांगताना त्या मुलाने गाडीला एक वाक्य दिले व शिपायांना पाव तास.

पुढे चौकशी करता कळले की या शिपायांची वाक्ये आधीच ध्वनिमुद्रित केलेली असतात. शिरस्त्राणाआडच्या माणसाकडे स्वतःचा एक शब्दही नसतो. साठ्यातील कोणते वाक्य केव्हा व कोणापुढे वापरावयाचे, एवढीच निवड त्याच्या हाती असते. हे ऐकून माझा विरस होईल अशी बहिणीची अपेक्षा होती. झाले उलटेच. वाक्य उसने असेल, पण शेकडो माणसांतून हा बावरलेला मुलगा आणि त्याच्या मागे पिशव्या सांभाळीत उभा असलेला हा परका मामा यांना हेरणारी नजर उसनी नव्हती. कला होती ती त्या निवडीत.

वेषधारी पात्रांनी प्रेक्षकांत मिसळण्याची ही प्रथा उद्यानाच्या जन्माइतकीच जुनी आहे. 17 जुलै 1955 रोजी डिस्नेलँड उघडले तेव्हा कंपनीजवळ स्वतःची पुरती सोंगेही नव्हती. ‘आइस कॅपेड्स’ या बर्फावर नाचणाऱ्या मंडळींचे वेष आणून वेळ साजरी केली गेली. नंतर शिस्त आली. फ्लोरिडातील ‘मॅजिक किंगडम’ 1 ऑक्टोबर 1971 रोजी उघडले, त्याच्या पोटात कर्मचाऱ्यांच्या ये-जा करण्यासाठी भुयारी वाटा आहेत. भविष्यकाळाच्या विभागातून एक काउबॉय आपल्या कामावर चाललेला वॉल्ट डिस्ने यांच्या दृष्टीस पडला व तो त्यांना खटकला, अशी त्या वाटांची जन्मकथा सांगतात. चुकीच्या जागी सोंग दिसू नये, आणि सोंग उतरविलेला माणूस तर कोठेच दिसू नये, हा तेव्हापासूनचा दंडक.

आपल्याकडील रसिकाला हा दंडक थोडा विचित्र वाटेल. पेडण्याकडच्या जत्रांत रात्री उशिरा उभ्या राहणाऱ्या दशावताराची सवय असलेल्या आम्हा मुलांना मुकुट मांडीवर ठेवून चहा पिणारा विष्णू पाठीमागे जाऊन पाहता येई. तोच विष्णू घटकेनंतर संकासुरापुढे उभा राहिला म्हणजे आमचे हात आपोआप जोडले जात. दशावतारी नट संहिता पाठ करून येत नाही. आख्यान ठरलेले असते, संवाद उभ्या-उभ्या सुचतात. पण त्याला रंगमंच असतो, आणि आपण नाटक पाहावयास बसलो आहोत हे समोरच्याला ठाऊक असते. डिस्नेलँडमधील सोंगाला ही दोन्ही साधने नाहीत. ते भररस्त्यात, भर दुपारी, आइस्क्रीम खाणाऱ्या माणसाच्या पुढ्यात येते. म्हणून त्याची कला अधिक अवघड आहे असे माझे मत आहे, आणि तिच्या वाट्याला आलेली टीका फार थोडी आहे. या उद्यानांवर लिहिणारे बहुतेक सारे गाड्यांची उंची मोजतात.

आता वकिलीच्या चष्म्यातून एक गोष्ट सांगतो. प्रवेशपत्रिका हा करार आहे. तिच्या बदल्यात आवारात शिरण्याचा व चालू असतील त्या गाड्यांत बसण्याचा हक्क मिळतो. शिपायाने तुमच्यापुढे थांबावे, हा हक्क मिळत नाही. ती भेट कराराबाहेरची आहे. कोणी हेतुतः दिलेली, पण मागता न येणारी. मात्र ती देणारा मनुष्य कायद्याच्या बाहेर नसतो. 2004 साली फ्लोरिडातील ऑर्लँडो येथे ‘टिगर’ या वाघोबाचे सोंग घेणाऱ्या एका कर्मचाऱ्यावर, छायाचित्राच्या वेळी एका मुलीला अनुचित स्पर्श केल्याचा खटला चालला. त्याच्या वकिलाने स्वतः अशी सोंगे वागविण्याचे काम केलेले होते. त्याने तो पोशाख न्यायालयात अंगावर चढवून दाखविला. त्या अवजड पंजांत हाताची हालचाल कितपत होते आणि आतून दिसते किती, हे पंचांपुढे आले, व आरोपी निर्दोष सुटला. खटल्याच्या खरेखोटेपणाबद्दल पंचांच्या निर्णयापलीकडे बोलण्याचा मला अधिकार नाही. पण आपण ज्याला गळामिठी मारतो त्याला आपण नीट दिसतही नसतो, हे त्या दिवशी न्यायालयाच्या दप्तरात नोंदले गेले.

अशा या कलेचे विस्ताराच्या योजनांत काय होते? घोषणेत ती नेहमी पुढे असते. ‘गॅलेक्सीज एज’ बांधले जात असता 2017 मध्ये कंपनीकडून सांगितले गेले होते की येथे तुमची कीर्ती तुमच्या मागे फिरेल; विमान नीट चालविले नाही तर खानावळीत कोणी तरी त्याचा जाब विचारील. गाव उघडले तेव्हा दगडी काम वचनाप्रमाणे होते, विमान होते, खानावळही होती. जाब विचारणारे कोणी नव्हते. शिपाई, रे नावाची नायिका, च्युबाका नावाचा केसाळ सोबती अशी मोजकी सोंगे त्या 14 एकरांत फिरत, आणि भेट होणे न होणे नशिबाचा भाग होता. शेजारच्या ‘कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर’ उद्यानात 4 जून 2021 रोजी ‘ॲव्हेंजर्स कॅम्पस’ हा विभाग उघडला. तेथे न्याय निराळा झाला. नवी गाडी एकच असल्याने सगळी मदार पात्रांवर पडली. छपरावरून स्पायडरमॅनचे यंत्र आकाशात झेपावते, क्षणार्धात जिवंत नट भिंतीवरून खाली येतो व मुलांशी गप्पा मारू लागतो. यंत्र कोठे संपते आणि माणूस कोठे सुरू होतो हा सांधा कौतुकास्पद आहे. नाट्यप्रयोग म्हणून मी या विभागाला त्याच्या श्रीमंत शेजाऱ्याच्या वरचे स्थान देतो, जरी त्याच्या इमारती एखाद्या कारखान्यासारख्या रूक्ष आहेत.

या साऱ्या प्रकरणातील सर्वांत बोधप्रद प्रयोग मात्र कोणी योजिलेला नव्हता. फ्लोरिडातील उद्याने जुलै 2020 मध्ये महामारीच्या छायेत पुन्हा उघडली तेव्हा गर्दी जमू नये म्हणून मोठ्या मिरवणुका बंद होत्या, गळाभेटीही बंद होत्या. त्यांच्या जागी छोट्या स्वाऱ्या निघत. त्यांची वेळ जाहीर केलेली नसे. जाहीर केली असती तर लोक जमले असते. मग तुम्ही चालत असता एकाएकी वाद्ये वाजत आणि एका रथातून चार-पाच पात्रे हात हालवीत निघून जात. स्पर्श नाही, सही नाही, रांग नाही, आणि तरीही अनेकांना त्या नेहमीच्या मिरवणुकीहून गोड वाटल्या. 18 एप्रिल 2022 पासून गळाभेटी पुन्हा सुरू झाल्या. त्यांच्याबरोबर रांगाही आल्या.

रांगेची बाजू मला मांडलीच पाहिजे. ज्या मुलीने मिकीला भेटण्यासाठी दीड तास काढला तिला मिकी भेटणार हे रांग निश्चित करते; गल्लीत फिरणारे सोंग धीट मुलाला भेटते व लाजऱ्या मुलाला चुकविते. शिवाय गर्दीत अडकलेल्या नटाला आतून धड दिसत नाही, त्याला लोक ओढतात, ढकलतात. न्याय आणि सुरक्षितता ही दोन्ही रांगेच्या पक्षाला आहेत. व्यवस्थापक रांग लावतात ते अरसिकपणामुळे लावतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. माझी तक्रार एवढीच, की ते रांगेतील भेटीलाही ‘जादू’ म्हणतात आणि गल्लीतील भेटीलाही. एकाच नावाने दोन माल विकू नयेत.

भेटच विकत देण्याचाही एक प्रयत्न झाला. मार्च 2022 मध्ये फ्लोरिडात ‘गॅलॅक्टिक स्टारक्रूझर’ उघडले: अवकाशयानाच्या थाटाची शंभर खोल्यांची वसतिगृहवजा नाट्यशाला. दोन रात्री तेथे राहावयाचे, आणि त्या अवधीत नट तुम्हाला कथेत ओढून घेणार. दोघांना सुमारे 4,800 डॉलर पडत. जाऊन आलेल्यांनी नटांची मनःपूर्वक स्तुती केली आहे, आणि ती खोटी मानण्याचे कारण नाही. तरीही सप्टेंबर 2023 च्या अखेरीस ते बंद झाले. भावामुळे बंद झाले हे उघड आहे. पण मला दुसरीही एक अडचण दिसते. आगाऊ पैसे भरून बसलेला मनुष्य आश्चर्याची वसुली करू लागतो. कोणी भेटले नाही तर तो निराश होत नाही, फसविला गेला असे समजतो.

सप्टेंबर 2023 मध्ये कंपनीने उद्याने व जहाजे यांवर दहा वर्षांत 6,000 कोटी डॉलर घालण्याचे जाहीर केले. मे 2024 मध्ये अनाहाइमच्या नगरसभेने डिस्नेलँडच्या विस्ताराला अंतिम मंजुरी दिली. कंपनीने दहा वर्षांत किमान 190 कोटी डॉलर गुंतवावयाचे आहेत. भूवापराच्या अशा मंजुरीत रस्ते येतात, वाहनतळ येतात, वसतिगृहे येतात. सोंगांची संख्या येत नाही, येण्याचे कारणही नाही. योगायोग असा, की त्याच मे महिन्यात तेथील पात्रांनी व मिरवणुकीतील नटांनी ‘ॲक्टर्स इक्विटी’ या नटसंघटनेत जाण्याच्या बाजूने 953 विरुद्ध 258 असा कौल दिला. वेषांची स्वच्छता, कामाच्या वेळा, सुरक्षितता, असे त्यांचे साधे विषय होते. उद्यानातील इतर बऱ्याच कामगारांच्या संघटना आधीपासून होत्या; ज्यांच्यापुढे लोक छायाचित्रे काढीत ते मागे राहिले होते. माझ्या भाच्याला ओळखपत्र मागणारा शिपाई त्या मोजणीनंतर थोड्याच आठवड्यांनी भेटला. त्याने कोणत्या बाजूला मत दिले असेल, किंवा दिले तरी असेल काय, हे त्या पांढऱ्या शिरस्त्राणावरून कळण्यासारखे नव्हते.

त्याच गावात ऑक्टोबर 2023 मध्ये दोन पायांचे गुडघ्याएवढे यंत्रमानव चालवून पाहण्यात आले. ते मान वाकडी करतात, दचकतात, नाराज झाल्यासारखे पाय आपटतात. त्यांना चालविणारा माणूस हातात नियंत्रक घेऊन जवळपासच उभा असतो. परत निघण्याच्या आदल्या रात्री त्यांचे चित्रण मी भाच्याला दाखविले. त्याने ते दोनदा पाहिले. पहिल्यांदा यंत्राकडे बघत, आणि दुसऱ्यांदा, मी सांगितल्यावर, गर्दीत त्या माणसाला शोधीत.